पयली नस राह्यली

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा, माझं काही जात नाही. पण हे ज्यांच्या तोंडून मी ऐकलं ते आमचे निवृत्तीमामा आयुष्यात एकाच बाबतीत खोटं बोलले. आणि ही गोष्ट त्या एका खोट्याचीच आहे.

साल एकोणीसशे पासष्ट. मार्गशीर्ष महिना.

मेहकरहून जानेफळकडे निघालं की आतल्या अंगाला एक गाव आहे. नाव देत नाही. त्या घरातली माणसं अजून तिथं नांदतात, उगाच कुणाच्या दारी कशाला भांडण न्या.

आणि हो, भूत म्हटलं की तुम्हाला लगेच अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथं तसलं काही मिळणार नाही. जे झालं ते दुपारी झालं. लख्ख उन्हात.

मामा त्या गावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. पुड्या बांधायच्या, जखमा धुवायच्या आणि पोलिस केसचे कागद चांगल्या अक्षरात उतरवायचे. अक्षर सुरेख होतं त्यांचं. फक्त एक खोड होती.

कागदावर रिकामी जागा ठेवायची नाही.

रिकामी जागा दिसली की वरून कागद परत यायचा, सोबत चार शब्द ऐकावे लागायचे. फाल्गुनात मामांची नोकरी पक्की व्हायची होती. त्यांना कुणाचं काही ऐकून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी जनकाबाईला बैलगाडीत घालून आणलं. चाळिशीची दणकट विधवा. ओढ्याकाठच्या मळ्यात वांगी आणि सांभार लावायची. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मळा अर्धा तिचा, अर्धा तिच्या दिराचा. दिराचं नाव पुंजाजी. त्याला अख्खा मळा पाहिजे होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तोंडातोंडी झाली आणि त्यानं वहिनीच्या कपाळात कुऱ्हाडीचा तुंबा घातला. तुंबा म्हणजे बोथट बाजू. पात्यानं मारलं तर फासावर जाऊ, एवढी अक्कल होती त्या भाड्याला.

डॉक्टर साठवणे नागपूरहून नवेच आले होते. हात चांगला, पण पायाला भिंगरी. बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली. त्यांनी टाके घातले आणि म्हणाले, "निवृत्ती, कागद घे. बारा नसा बघून टाकू."

मेंदूतून बारा जोड्या नसा निघतात. डोक्याला मार लागला की त्या एकेक करून तपासतात. डॉक्टर नंबर बोलायचे, मामा लिहायचे.

"पहिली, वासाची. लवंगेच्या तेलाची बाटली दे."

बाटली रिकामी होती. गावच्या किडक्या दाढांनी ती दिवाळीआधीच संपवली होती.

"राहू दे. पहिली मागून बघू. दुसरी घे."

इथंच माशी शिंकली.

दुसरी नजरेची. जनकाबाईनं समोरची बोटं बरोबर मोजली. तिसरी, चौथी, सहावी डोळे फिरवायच्या. बोट जाईल तिकडं तिचे डोळे गेले. पाचवी गालाची, कापूस लावला तो तिला कळला. सातवीला दात दाखवले. आठवीला कानाशी धरलेलं घड्याळ ऐकू आलं. नववी-दहावीला आ केला, अकरावीला खांदे उचलले. शेवटची बारावी. डॉक्टर म्हणाले, जीभ काढा.

जीभ सरळ बाहेर आली.

"सरयच हाय ना डाक्टर माही जीभ? मनून तं मार खाल्ला!"

डोकं फुटलेलं, लुगडं रक्तानं भरलेलं, आणि बाई हसत होती. डॉक्टरही हसले. बाहेरच्या गर्दीकडे पळाले.

संध्याकाळी मामा पक्का कागद लिहायला बसले. दुसरीपासून बारावीपर्यंत सगळं ठीक. पहिलीपुढं जागा रिकामी.

त्यांनी तिथं "ठीक" लिहिलं.

डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. कागद पोलिसांत गेला.

आठ दिवसांनी जनकाबाई टाके काढायला आली. डॉक्टर गावोगाव देवीची लस टोचत फिरत होते, म्हणून टाके मामांनीच काढले.

"निवृत्तीभाऊ," ती म्हणाली, "मले वास येत नाही. सांभाराची जुडी नाकाले लावली तं नुसतं गवत धरल्यावानी लागते."

तिच्या नाकातून पाणी गळत होतं. पातळ, स्वच्छ, सर्दीचं नसतं तसं. एकेक थेंब.

टप…

टप…

मामांना तो कागद आठवला. आता खरं सांगायचं तर आधी स्वतःचं खोटं सांगावं लागणार होतं.

"सर्दी आहे, बाई. थंडीचे दिवस. जाईल."

तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी मनता तं जाईल," म्हणाली आणि गेली.

आता जनकाबाईच्या पोटात काही राहायचं नाही. विहिरीवर, ओढ्यावर, जिथं चार बाया भेटतील तिथं तिनं हे सांगितलं. पुंजाजी तोवर जामिनावर सुटून घरी आला होता. एका छपराखाली दोन चुली. त्यानंही ऐकलं.

पुढच्या शनिवारी ती मळ्यातून आली आणि जेवायला बसली. शेजारच्या कौशल्याबाई विस्तव मागायला गेल्या. दारात पाय ठेवला आणि त्यांच्या नाकातोंडाची आग झाली. एंड्रिन! कपाशीवर फवारायचं जहर. घरभर असा दर्प की डोळ्यांतून पाणी यावं.

आणि जनकाबाई मधोमध बसून भाकरी वांग्याच्या भाजीत बुडवून खात होती.

निवांत.

"जनके! थाली फेक! थाली फेक वो माय!"

जनकाबाईनं वर पाहिलं. तोंडात घास.

"काऊन वो? काय झालं?"

दवाखान्यात आणली तेव्हा तिला झटके येत होते. चार माणसं तिला धरत होती आणि चारही उडून पडत होती. जबडा असा आवळला की तिचाच एक दात तिनं तोडला. मामांनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिची नजर मामांवर होती. शुद्धीवर होती, हे वाईट. सव्वा तासानं सुटली.

फौजदार आला. पुंजाजीवर संशय होताच. पण पुंजाजी मोठा बेरकी. "सायेब, एंड्रिनचा वास तं मेलेल्या मानसालेबी येते. तिनं जानूनच खाल्लं. जीव द्याचा होता तिले. अन् सरकारी कागद पायजा, तिचं नाक चांगलं व्हतं."

फौजदारानं कागद पुढं केला. "अक्षर तुझं?"

"हो साहेब."

"वास तपासला होता?"

डॉक्टर त्या दिवशीही दौऱ्यावर होते. खोलीत मामा आणि फौजदार, तिसरं कुणी नाही. नाही म्हणावं तर खोटा सरकारी कागद केल्याचा ठपका. नोकरी गेली, वर खटला.

"हो साहेब. तपासला होता."

आत्महत्या म्हणून प्रकरण मिटलं. कौशल्याबाई छाती पिटून सांगत राहिल्या, पण कागदापुढं बाईचं कोण ऐकतो?

दोन दिवसांनी पुंजाजी दवाखान्यात आला. हातात टोपली. टोपलीत जनकाबाईच्या मळ्यातली कोवळी वांगी.

"निवृत्तीभाऊ, तुमच्या अक्षरानं वाचवलं बाप्पा. घ्या, घरी भरीत करा."

मामांनी टोपली घेतली नाही. ती त्यानं टेबलावर ठेवली आणि गेला. मामांनी मागच्या दारी जाऊन सगळी वांगी पायानं तुडवली. तुडवताना ते रडत होते, हे त्यांनीच मला सांगितलं.

मग आली जनकाबाईची तेरवी. गुरुवार. डॉक्टर शेजारच्या गावी. पेशंट संपले होते. मामांनी शिपायाला जेवायला पाठवलं, दार लोटलं आणि डबा उघडला.

भाकरी. लसणाची चटणी.

वास नाही…

डबा नाकाशी नेला. काही नाही. उठून स्पिरिटची बाटली उघडली. काही नाही. नुकतीच फिनेलनं पुसलेली फरशी. तिलाही वास नाही. सर्दी तर नव्हती.

बाहेर पिंपळावर कावळे ओरडत होते. ते गप्प झाले.

आणि मग…

टप.

मामांनी मागं पाहिलं. पेशंटच्या स्टुलाखाली, कोरड्या फरशीवर, पाण्याचा एक थेंब.

टप.

दुसरा.

मामा सांगायचे, ती एकदम दिसली नाही. आधी थेंब. मग थेंब जिथून पडत होता ते नाक. मग कपाळावरचे टाके. ते मामांनी स्वतः काढले होते. ते परत होते.

"तपास, भाऊ."

जनकाबाई. स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेली.

मामांना पळायचं होतं. पाय उठेनात. पण हात उठले! हातांना सवय होती. त्यांनी कागद ओढला, टॉर्च घेतला. तोंडातून आपोआप नंबर निघाले.

"दुसरी…"

तिनं बोटं मोजली. बरोबर.

"तिसरी…"

बॅटरीचा उजेड तिच्या बुबुळावर पडला. बाहुली आकसली नाही. पण नजर बोटामागं आली. बोट थांबलं तरी पुढं जात राहिली, डोळे पार कडेला गेले, आणि कडेवरून तिनं मामांकडे पाहिलं.

"पाचवी…"

गाल इतका गार होता की मामांच्या हातातला कापूस गळला.

"बारावी. जीभ काढा."

जीभ काळी पडली होती. सरळ होती.

मामांनी लिहिलं, ठीक. ठीक. ठीक. अक्षर नेहमीसारखं वळणदार येत होतं, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"पयली राह्यली, भाऊ."

लवंगेच्या तेलाची नवी बाटली कालच आली होती. मामांनी बूच काढलं आणि ती तिच्या नाकाखाली धरली. "वास येतो का, बाई?"

"मले नाही येत." ती पुढं झुकली. "तुले येते?"

पुढचं झालं ते एका झटक्यात. तिचा हात मामांच्या मानेमागं गेला, केस मुठीत आले आणि तिनं मामांचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं.

कडाक!

नाकाचं हाड मोडलं.

"लिव."

"काय… काय लिवू, माय?"

कडाक! कपाळ फुटलं. रक्त कागदावर उडालं.

"लिव!"

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मामा ओरडत होते, पण आवाज खोलीबाहेर जात नव्हता. पाचव्यांदा डोकं आपटलं तेव्हा त्यांनी चाचपडत टाक उचलला आणि पहिल्या नंबरापुढं लिहिलं…

नाही.

मान सुटली.

कौशल्याबाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. त्या सांगायच्या, निवृत्तीभाऊ एकटेच बसले होते, तोंडाचा चेंदामेंदा झालेला, आणि कागदावर खालपर्यंत एकच शब्द लिहीत होते. नाही, नाही, नाही. समोरचं स्टूल रिकामं. खाली पाणी.

संध्याकाळी डॉक्टर आले. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. भुताचं राहू द्या, बाटली रिकामी होती तिथपासून सांगितलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही माझी आहे. दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात गेले. फौजदारानं आधी आईबहीण काढली. मग जबानी लिहून घेतली. मामांनी अंगठ्याएवढ्या ठळक अक्षरात सही केली. नोकरी गेली तर गेली, म्हणाले. पुंजाजीला उद्याच उचलतो, असं फौजदार म्हणाला.

पण गावात बातमी जीपच्या आधी पोचते.

शनिवारी सकाळी अकराला दवाखान्यात वीसेक माणसं होती. मामा, नाकावर पट्टी, पुड्या बांधत होते. पुंजाजी आत आला. हातात कुऱ्हाड. या वेळी पातं पुढं होतं.

"काय बे कंपाउंडर! नाक तपासतं काय? ये, तुहंच तपासतो!"

माणसं भिंतीला चिकटली. कुऱ्हाड डोक्यावर गेली. मामांनी डोळे मिटले.

काहीच झालं नाही…

डोळे उघडले तर पुंजाजी कुऱ्हाड वर धरून उभा. नाकपुड्या फुगलेल्या. इकडंतिकडं मान फिरवत हुंगत होता.

"वास… कायचा वास येऊन राह्यला?"

आणि मग सगळ्यांनाच आला. बाया नाकाला पदर लावून खोकत बाहेर पळाल्या. एक म्हातारा उंबऱ्यातच ओकला. एंड्रिन! सगळ्या खोलीत एंड्रिन!

मामांना कसलाच वास येत नव्हता.

"बंद कर! जनके, बंद कर वो!" पुंजाजीनं नाक दाबलं. तोंड दाबलं. धोतराचा सोगा नाकात कोंबला. वास जाईना. मग त्यानं कुऱ्हाड उलटी धरली आणि तुंबा स्वतःच्या तोंडावर मारला.

नाकावर. पुन्हा. कपाळावर. पुन्हा, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. डॉक्टरांनी आणि दोन गड्यांनी मिळून कुऱ्हाड हिसकावली तेव्हा त्याच्या चेहऱ्याच्या मध्यावर चेहरा नव्हता.

तरी तो जिवंत होता. आणि किंचाळत होता, वास येतो म्हणून.

डॉक्टरांनी साफ करताना पाहिलं आणि मामांना बाजूला घेतलं. "निवृत्ती, ती जागाच उरली नाही. वासाची नस असते तिथं नुसता चुरा आहे. याला वास येऊच शकत नाही."

पण येत होता. बैलगाडीत घातला तर रस्त्यातच मरेल, म्हणून तिथंच ठेवला. दाराशी शिपाई. चार दिवस पुंजाजीच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. दूध दिलं, एंड्रिन. पाणी दिलं, एंड्रिन. डॉक्टरांनी शिरेतून सलाईन लावलं, ते त्यानं उपटून फेकलं. ओठ फाटले, जीभ लाकूड झाली.

चौथ्या दिवशी दुपारी खोलीत मामा एकटे होते. त्यांनी माठातून पाणी घेतलं, आधी स्वतः घटाघटा प्यायले, मग तोच पेला पुन्हा भरून त्याच्यासमोर धरला.

"पी, पुंजाजी."

पुंजाजी पाण्याकडे पाहत राहिला. रडायला डोळ्यांत पाणी नव्हतं.

"भाऊ… तू सुंगून पाय. तू ठीक मन. मी पितो."

मामांच्या जिभेवर शब्द आला होता. ठीक. एकच शब्द, माणूस पाणी पिऊन वाचला असता. आणि पाणी चांगलंच होतं, आत्ताच ते स्वतः प्यायले होते. पण वासाचं त्यांना कुठं कळत होतं? न तपासता ठीक म्हणायचं नाही, अशी त्यांनी ठाण्यातून येताना शपथ घेतली होती.

"मले वास येत नाही, पुंजाजी. मी सांगू नाही शकत."

पुंजाजीनं पेला ढकलला नाही. नुसतं तोंड भिंतीकडे केलं. अर्ध्या तासात गेला.

डॉक्टर आले, नाडी पाहिली, चादर ओढली. मामांनी उशाशी ठेवलेला पेला रिकामा करायला उचलला. पाणी ओतता ओतता त्यांची मान झटक्यात मागं गेली आणि पेला त्यांनी भिंतीवर फेकून मारला.

"कुणी भरला हा?"

"मी, साहेब. माठातून."

"अरे एंड्रिन आहे यात! नुसतं एंड्रिन!"

त्यांनी माठात नाक घातलं. माठातलं पाणी स्वच्छ होतं. कसलाही वास नाही.

"अर्ध्या तासापूर्वी याच पेल्यातून मीही प्यायलो, साहेब," मामा म्हणाले. त्या रात्रभर डॉक्टर त्यांच्या उशाशी नाडी धरून होते. मामांना काही झालं नाही.

खटला चालला नाही, आरोपीच उरला नव्हता. मामांची नोकरी मात्र गेली. पुढं सव्वीस वर्षं ते मेहकरात किराणा दुकान चालवत जगले, पण वास परत आला नाही. मामीनं हुंगून दिल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत.

ते शेवटी आजारी असताना मी एकदा विचारलं, "मामा, पेल्यात ते आलं कुठून?"

"तिनं टाकलं."

"पुंजाजीसाठी?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"त्याले वास येतच व्हता रे. तो तसाबी प्याला नसता, म्या ठीक मनल्याबिगर." मग म्हणाले, "ते माह्यासाठी व्हतं. पुन्हा तपासून राह्यली व्हती मले."

मीही आता पेला तोंडाला लावण्याआधी नाकाशी नेतो. बायको हसते. हसू द्या.